मराठी निबंध : गाडीतली हवेची गाळणी

आपल्या घरात गाळल्या-चाळल्याशिवाय आपण फारसं काही पोटात जाऊ देत नाही. चहा गाळणीतून गाळतो. पीठ चाळतो. तांदूळ निवडतो, डाळ पाखडतो. विहिरीचं पाणी पांढऱ्या फडक्याची चौघडी करून हंड्यात ओततो. जेवताना एक खडा दाताखाली आला तर जेवणारा माणूस तिथेच थांबतो.

पण दिवसभरात आपण सगळ्यात जास्त आत काय घेतो? भात नाही, पोळी नाही, पाणीही नाही. हवा! शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा श्वास घेतो आणि एका श्वासात अर्धा लिटरच्या आसपास हवा आत जाते. आता वहीवर गुणाकार करा. मिनिटाला साडेसात लिटर, तासाला ४५० लिटर, आणि २४ तासांत १०,८०० लिटर. पाण्याचा मोठा टँकर गल्लीत येतो ना, जवळपास तेवढी हवा आपण रोज आत घेतो. चालताना, धावताना तर याहून जास्त. ही एवढी हवा गाळतं कोण?

आजच्या निबंधात मी एका छोट्या वस्तूबद्दल सांगणार आहे. तिचं नाव केबिन एअर फिल्टर. मेकॅनिक लोक तिला एसी फिल्टर म्हणतात. चारचाकीत बसणाऱ्या माणसांपर्यंत जी हवा पोचते ती गाळायचं काम हा फिल्टर करतो. तो स्वतःच्या हाताने बदलता येतो, अगदी दहा-पंधरा मिनिटांत. मी बदलते. कसा, ते सांगतेच. पण तो बदलताना माझ्या डोक्यात जे प्रश्न आले तेही सांगणार आहे, कारण धडा खरा तिथेच आहे.

माझा रस्ता

मी चंद्रपूरला राहते आणि माझी शाळा घुग्घुसच्या बाजूच्या एका खेड्यात आहे. ज्यांना हा भाग माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जमिनीखाली कोळसा आहे. कोळसा आहे म्हणून खाणी आहेत, खाणी आहेत म्हणून वीज केंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत आणि या सगळ्यांना जोडणारे ट्रक आहेत. सकाळी शाळेत जाताना माझ्यापुढे हमखास एक-दोन ट्रक असतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे काचा उघड्या ठेवल्या तर झळा आणि धूळ, बंद ठेवल्या तर एसीशिवाय पर्याय नाही.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांची पाहणी केली, तेव्हा अति गंभीर प्रदूषित भागांच्या यादीत चंद्रपूरचं नाव आलं. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात ज्या शहरांची हवा सुधारायची असं ठरलं त्यांतही चंद्रपूर आहे. म्हणजे धुळीची तक्रार ही काही फक्त आमची घरगुती कुरकुर नाही.

माझी गाडी मी जुनी घेतली, सात वर्षं वापरलेली. घेतल्यावर दोन-तीन महिन्यांतच काही गोष्टी लक्षात येऊ लागल्या. पंखा चारवर ठेवला तर आवाज चारचा यायचा आणि हवा मात्र एकची. एसी लावला की पहिली दोन मिनिटं ओल्या पोत्यासारखा कुबट वास. पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरायची ती लवकर जायची नाही. मुलांनो, ही तिन्ही लक्षणं ध्यानात ठेवा. हवेची वाट कुठेतरी तुंबली आहे, असं ती सांगतात.

यात माझी काळजी वेगळीच होती. माझे बाबा भूमिगत कोळसा खाणीतून निवृत्त झाले आहेत. बत्तीस वर्षं नोकरी केली. आता त्यांना जिना चढला तरी दम लागतो. दर दोन महिन्यांनी त्यांना छातीच्या डॉक्टरांना दाखवायला नागपूरला न्यावं लागतं. दीडशे किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. धुळीपासून जपा, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आणि बाबांना गाडीत बसवून एसी लावला की पहिल्या पाच मिनिटांत खोकल्याची उबळ यायची. मग ते काच खाली करायचे, मग बाहेरची धूळ आत यायची, मग पुन्हा खोकला. वरोऱ्यापर्यंत हेच चालायचं.

जवळच्या एका गॅरेजमध्ये विचारलं. त्यांनी फिल्टरचे आणि मजुरीचे मिळून आठशे रुपये सांगितले आणि गाडी दिवसभर ठेवून जा म्हणाले. गाडी दिवसभर ठेवली तर शाळेत कशी जाऊ? गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक कप्प्यातच पडलेलं होतं. ते उघडलं. त्यात चित्रासकट सगळं दिलेलं होतं. तुम्हालाही सांगते, घरात कोणतीही वस्तू आली की तिचं पुस्तक फेकू नका. सुटे भाग विकणाऱ्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं, तर साधा फिल्टर साडेतीनशेला मिळाला.

फिल्टर बदलायचा कसा?

बहुतेक गाड्यांत हा फिल्टर डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लोव्ह बॉक्स म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरचा तो कप्पा, ज्यात आपण कागदपत्रं, बडीशेप आणि जुन्या पावत्या कोंबतो. काही गाड्यांत फिल्टर दुसरीकडेही असतो, म्हणून आधी पुस्तकात बघायचं. आणखी एक गोष्ट. काही गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये फिल्टरची जागा असते पण कंपनीने फिल्टर बसवलेलाच नसतो. तेही बघून घ्यायचं. शिवाय बॉनेटखाली इंजिनचा एअर फिल्टर असतो तो निराळा. तो इंजिनासाठी, हा माणसांसाठी. दुकानात मागताना गोंधळ होऊ देऊ नका.

आता कृती.

१. गाडी सावलीत उभी करायची. इंजिन बंद, किल्ली बाहेर. नाकातोंडाला मास्क किंवा रुमाल बांधायचा. खाली पायाशी जुनं वर्तमानपत्र अंथरायचं.

२. ग्लोव्ह बॉक्स पूर्ण रिकामा करायचा. त्याच्या बाजूला एखादी दोरी किंवा छोटा दांडा अडकवलेला असेल तर तो हळूच सोडवायचा. मग कप्प्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती आतल्या बाजूला दाबायच्या, की कप्पा अडकणीतून सुटून पूर्ण खाली येतो. पहिल्यांदा करताना वाटतं की प्लॅस्टिक तुटतंय. घाई केली नाही तर तुटत नाही.

३. मागे एक आडवं, चपटं झाकण दिसतं. त्याच्या टोकाला खटके असतात. ते दाबून झाकण काढायचं. आजूबाजूला पिवळ्या रंगाच्या वायरी किंवा जोडण्या दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही. त्या एअरबॅगच्या असतात.

४. फिल्टर सरळ, आडवा ठेवून हळूहळू बाहेर ओढायचा. तिरपा केला तर वरचा सगळा कचरा आत पंख्यात पडतो. ओढतानाच त्यावरचा बाण कोणत्या दिशेला आहे ते बघून ठेवायचं. हा बाण हवा कुठून कुठे जाते ते दाखवतो. मोबाईलवर एक फोटो काढला तर उत्तम.

५. रिकाम्या खाचेत पानं, धूळ असेल तर ओलसर फडक्याने टिपून घ्यायची.

६. नवा फिल्टर, बाण त्याच दिशेला ठेवून आत सरकवायचा. मात्र आधीच्या माणसाने उलटा बसवलेला असू शकतो, म्हणून पुस्तकातलं चित्रही ताडून बघायचं. घड्या दुमडू द्यायच्या नाहीत. झाकण लावायचं, ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. मग कप्पा जागेवर.

७. गाडी सुरू करून पंखा एकपासून चारपर्यंत चालवून बघायचा. खडखड, फडफड असा आवाज आला तर आत काहीतरी पडलंय असं समजायचं.

झालं! पाना नाही, पकड नाही. हातात बळ नको, सावधपणा हवा. आमच्या शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, “काऊन जी मॅडम, गाडी खोलून ठेवली का पुरी?” मी त्यांना जुना फिल्टर दाखवला. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

दृश्यच तसं होतं. मूळचा पांढरा कागदासारखा फिल्टर काळा-करडा झाला होता. वर कडुनिंबाची वाळलेली पानं, एक मेलेली गांधीलमाशी, कसलीतरी पिसं. तुम्ही विचाराल, पानं आत कशी गेली? समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला एक जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत येते. कडुनिंबाखाली गाडी लावली की पानंही तिथून जातात.

घड्यांचं गणित

फिल्टर पंख्याच्या पाकळ्यांसारखा, म्हणजे कागदी पंखा करतो ना आपण, तसा घड्या घातलेला असतो. का बरं? सपाट का नसतो? इथे गणित कामाला येतं.

माझा फिल्टर साधारण २० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद. सपाट असता तर क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर. पण मी त्याच्या घड्या मोजल्या, त्या ३० भरल्या. प्रत्येक घडीची उंची २ सेंटिमीटर. एका घडीला दोन बाजू. म्हणजे एका घडीचं क्षेत्रफळ २ × २ × २० = ८० चौरस सेंटिमीटर. अशा ३० घड्या म्हणजे २,४०० चौरस सेंटिमीटर. सपाट तुकड्याच्या सहापट! तेवढ्याच जागेत सहापट गाळणी बसवली. त्यामुळे धूळ जास्त मावते आणि हवेला वाटही मोकळी राहते. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूलाही घड्या आणि बारीक उंचवटे असतात ते याच कारणासाठी. कमी जागेत जास्त पृष्ठभाग.

धूळ अडकते कशी?

आपल्याला वाटतं, फिल्टर म्हणजे चाळणी. छिद्रापेक्षा मोठा कण अडकला, लहान निसटला. पूर्ण खरं नाही ते. फिल्टर हा बारीक तंतूंचा गुंता असतो, काटेरी झुडपासारखा. हवा त्यातून वळणं घेत जाते. जड कणांना पटकन वळता येत नाही, ते सरळ जाऊन तंतूवर आदळतात आणि चिकटतात. मधले कण तंतूला घासून जाताना अडकतात. अगदी सूक्ष्म कणांना हवेचे रेणू सतत धक्के देत असतात, म्हणून ते वेडेवाकडे फिरतात आणि फिरता फिरता तंतूला लागतात. काही फिल्टरच्या तंतूंवर विद्युतभारही असतो. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलतो आपण, तसाच तो कण ओढून घेतो.

कणांचे आकारही समजून घेऊ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हवेतल्या १० मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना पीएम १० म्हणतात, आणि अडीच किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५. केसाच्या जाडीवर अडीच मायक्रोमीटरचे कण एका ओळीत मांडले तर २८ मावतील. वर्गात कवलाच्या फटीतून उन्हाची तिरीप येते, त्यात धूळ नाचताना दिसते. विज्ञानात त्याला टिंडल परिणाम म्हणतात. तिरिपेत दिसते म्हणून ती तिथेच असते असं नाही. ती सगळ्या वर्गात असते, उजेड फक्त तेवढ्यावर पडलेला असतो.

बाबांचा हात

जुना फिल्टर मी वर्तमानपत्रात गुंडाळून फेकायला निघाले तर बाबांनी हाक मारली, “आण इकडं, पाहू दे.” मी नको नको म्हणत होते. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि चिमटीत थोडी धूळ घेतली. अंगठ्याने चोळली. म्हणाले, “हे चमकते ना, ते कोळसा होय. हे खरखरीत लागते ते मुरूम. अन् हे पिठावानी मऊ आहे, ते राख.” मी विज्ञान शिकवते, पण मला चोळून असं ओळखता आलं नसतं. बत्तीस वर्षांचं शिक्षण होतं ते, कोणत्याही प्रमाणपत्राशिवायचं.

लहानपणी मी पाहिलेलं आहे. बाबा पाळीवरून आले की आई त्यांचा रुमाल बाकी कपड्यांत टाकत नसे. वेगळ्या बादलीत भिजवायची. पाणी तीनदा बदललं तरी काळंच यायचं. मी बाबांना त्याची आठवण दिली. ते हसले. म्हणाले, “आम्ही त रुमालच बांधत होतो नाकाले. तोच आमचा फिल्टर. पण पोरी, गाडीचा तू बदलून टाकला. छातीतला कोणत्या दुकानात भेटते?”

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आजही नाही. पण त्यांच्या प्रश्नात एक पूर्ण धडा आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

आपल्या शरीरातही गाळणी आहे. नाकातले केस मोठी धूळ अडवतात. नाकातला आणि श्वासनलिकेतला चिकट द्रव त्याहून लहान कण पकडतो. श्वासनलिकेला आतून अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात, ते झाडूसारखे हलत राहतात आणि कण वर घशाकडे ढकलतात. आपण खाकरतो, शिंकतो, ती ही साफसफाईच असते. पण अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण या सगळ्या पहाऱ्यातून निसटून थेट वायुकोशांपर्यंत पोचू शकतात, जिथे हवेतला ऑक्सिजन रक्तात जातो. कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षं तिथे साठत गेली की फुप्फुस कडक होत जातं. औषधांनी त्रास कमी करता येतो, पण साठलेली धूळ खेचून बाहेर काढता येत नाही. गाडीचा फिल्टर साडेतीनशे रुपयांत नवा मिळतो. शरीरातल्या गाळणीला दुसरा नग नाही.

हा फिल्टर काय करू शकत नाही?

वस्तूचं कौतुक करताना तिची मर्यादाही सांगावी, नाहीतर ती जाहिरात होते.

साधा केबिन फिल्टर परागकण, रस्त्यावरची धूळ, राख असे मोठे कण चांगले अडवतो. फार सूक्ष्म कणांपैकी बरेच निसटतात. वायू तर तो अडवतच नाही. कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू त्यातून आरामात जातो. म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीत बसणं किंवा झोपणं जिवावर बेतू शकतं, फिल्टर कितीही नवा असो. काही महाग फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाचा थर असतो. तो काही वास आणि काही वायू स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. गंमत बघा, कोळशाच्या धुळीपासून वाचायला पुन्हा कोळसाच!

ट्रकच्या मागे असताना गाडीत आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबता येतं. त्यावर गाडीच्या चित्रात वळलेला बाण असतो. ते उपयोगाचं आहे, पण तासन् तास तसंच ठेवू नये. माणसांच्या श्वासाने आत कार्बन डायऑक्साईड वाढतो आणि ड्रायव्हरला पेंग येऊ शकते. ट्रक मागे पडला की बाहेरची हवा आत घ्यावी.

बदलायचा कधी? कंपन्या बहुधा वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर बदला म्हणतात आणि धुळीच्या भागात त्याआधी. मी वर्षातून दोनदा बदलते. एकदा मृग लागायच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर. कागदी फिल्टर पाण्याने धुऊन पुन्हा बसवू नये, त्याचे तंतू खराब होतात आणि ओल राहिली तर बुरशी धरते.

नव्या फिल्टरने बाबांचा दमा गेला का? नाही. तसं मी लिहिणार नाही. पण कुबट वास गेला, पंख्याला जोर आला, आणि नागपूरच्या पुढच्या फेरीत वरोरा येईपर्यंत त्यांनी काच खाली करायला सांगितली नाही. जांबला चहासाठी थांबलो तेव्हा ते झोपेतून उठले. गाडीत त्यांना झोप लागलेली मी बऱ्याच दिवसांनी पाहिली.

वर्गातला प्रश्न

मी तो जुना फिल्टर फेकला नाही. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत बंद करून शाळेत नेला. सातवीच्या वर्गाला दाखवला. मुलांनी घड्या मोजल्या, गणित केलं, कडुनिंबाची पानं ओळखली. तास छान चालला होता. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, आमच्या घराले फिल्टर कुठं राहते जी?”

तिचं घर रस्त्याला लागून आहे. ती आणि तिचा भाऊ रोज दीड किलोमीटर पायी येतात. ट्रक आला की ही मुलं रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी राहतात, तोंडावर ओढणी नाहीतर दप्तर धरतात, धूळ बसली की पुन्हा चालू लागतात. मी त्यांच्या शेजारून काचा बंद करून जाते. माझी हवा गाळलेली, त्यांची तशीच. तिच्या घराला फिल्टर नाही, शाळेलाही नाही, आणि रस्त्याला तर असूच शकत नाही.

त्या प्रश्नावर आम्ही पुढचा आठवडाभर काम केलं. पांढऱ्या मांजरपाटाचे एकसारखे तुकडे कापून चार ठिकाणी बांधले. एक शाळेच्या रस्त्याकडच्या खिडकीला, एक शेताकडच्या खिडकीला, एक मैदानातल्या झाडाला आणि एक त्याच मुलीच्या घरी, चुलीजवळच्या भिंतीवर. आठ दिवसांनी चारही तुकडे फळ्यावर शेजारी शेजारी लावले. रस्त्याकडचा सगळ्यात काळा निघाला, ते अपेक्षितच होतं. पण दुसरा नंबर कुणाचा? चुलीजवळच्या तुकड्याचा! वर्ग शांत झाला. एक मुलगा हळूच म्हणाला, “म्हणजे आईले बी लागते फिल्टर.”

आपल्या देशात पीएम २.५ चं वार्षिक प्रमाण घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल असं २००९ च्या मानकांत म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा ५ वर आणली. हे आकडे मोजायला यंत्र लागतं. पण शेताकडची खिडकी आणि रस्त्याकडची खिडकी यांतला फरक कळायला मांजरपाटाचा तुकडा पुरला.

मग जे आमच्या हातात होतं ते केलं. सातवीचा वर्ग शेताकडच्या खोलीत हलवला. रस्त्याकडच्या खोलीत आता पुस्तकांची कपाटं आहेत. वर्ग झाडण्याआधी पाणी शिंपडायचं किंवा ओल्या फडक्याने पुसायचं असं ठरलं, कारण कोरडा झाडू बसलेली धूळ पुन्हा उडवतो. मुलांनी घरी सांगून चुलीच्या वरच्या कौलांत एक फट मोकळी करून घेतली, दोन घरांत चूल अंगणात आली. आणि मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. ट्रकवर ताडपत्री बांधलेली असावी आणि रस्त्यावर सकाळी पाणी मारावं, एवढ्या दोनच मागण्या. पत्रासोबत चारही तुकडे जोडले. औपचारिक पत्रलेखनाचा माझा पाठ त्या वर्षी वेगळा घ्यावा लागला नाही. महिनाभर पाण्याचा टँकर आला, मग बंद पडला. मुलांनी दुसरं पत्र लिहिलं. आता आठवड्यातून तीनदा येतो. तिसरं पत्र रोजच्या पाण्यासाठी आहे, ते लिहून तयार आहे.

मुलांनो, गाडीचा फिल्टर बदलणं हे चांगलं काम आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ते जरूर करावं, आणि गाडीत लहान मूल किंवा दम लागणारं माणूस बसत असेल तर टाळू नये. पण त्याने एका गाडीच्या आतली हवा थोडी बरी होते. गावाची हवा गाळायची गाळणी दुकानात मिळत नाही. धूळ जिथून उडते तिथेच ती बसवावी लागते. ताडपत्री, पाणी, झाडं, बिनधुराची चूल, आणि कुणीतरी लिहिलेलं पत्र, ही त्या गाळणीची घडी घडी आहे.

करून पाहा

१. पांढऱ्या कापडाचे चार सारखे तुकडे तुमच्या घरात आणि परिसरात आठ दिवस बांधा. कोणता सर्वात जास्त मळला? कारण लिहा.

२. एका मिनिटात तुम्ही किती श्वास घेता ते बसून मोजा, मग मैदानाला एक चक्कर मारून पुन्हा मोजा. दोन्हींवरून तासाभराची हवा काढा.

३. घरात, शेजारी किंवा मामाकडे गाडी असेल तर मोठ्या माणसांसोबत माहितीपुस्तकातलं फिल्टरचं पान शोधा. फिल्टर काढला तर त्याच्या घड्या मोजा आणि क्षेत्रफळ काढा.

४. ‘आमच्या गावाची हवा’ या विषयावर तुमच्या ग्रामपंचायतीला किंवा नगर परिषदेला १५ ओळींचं पत्र लिहा. मागण्या दोनच ठेवा, पण अशा की ज्या पूर्ण झाल्या की नाही ते तुम्हाला रस्त्यावर उभं राहून बघता येईल.